चालकाशी बोलू नये

आमचे काका जन्मभर सिटी बस चालवत होते. बसमध्ये त्यांच्या डोक्यावर पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’. काकांच्या ती इतकी अंगात मुरली, की घरीसुद्धा ते शब्द जपून वापरायचे.

नवी नवरी असल्यापासून काकू हौसेनं त्यांच्याच बसमधून फिरायच्या. चालकाच्या मागची सीट धरायची आणि जाता-येता नवऱ्याची मान बघायची. “निम्मा संसार मी यांच्या मानेशी केला,” असं त्या हसून सांगत, पण त्यांना ते लागलेलं होतं. निवृत्त झाल्यावर हा माणूस आपल्याला शेजारी बसवून, चार शब्द बोलत कुठंतरी नेईल, एवढीच एक आस त्या धरून होत्या.

काका निवृत्त झाल्यावर मुलानं आईच्या गुडघ्यांसाठी गाडी आणली, तेव्हा काकू हरखून गेल्या. पुढच्या सीटसाठी त्यांनी उशी शिवली. गाडी आरामाची, यात वादच नाही. दारातून निघा, दारात उतरा, कुणाचा धक्का नाही. पण चाक हातात आलं की काका तोंडाला कुलूप लावत. काकूंनी काही विचारलं तर “हं” सुद्धा नाही. वर प्रत्येक बसथांब्याशी गाडी आपसूक हळू व्हायची, थांब्यावरची माणसं वाकून आत बघायची आणि काकू ओशाळून उशी सारखी करायच्या. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. मला त्या उशीचाच राग यायचा.

मग एकदा गाडी दुरुस्तीला गेली आणि त्याच दिवशी काकूंना डोळे तपासायला जायचं होतं. दोघं बसनं निघाली. काका खिडकीशी, काकू शेजारी. दुपार कलत आलेली, काचेवरून झाडांच्या सावल्या सरकत होत्या, बस पाळण्यासारखी डुलत होती. काकांचे हात बराच वेळ मांडीवर चाक धरल्यासारखेच होते. मग ते सैल पडले.

“अगं, त्या वरच्या गॅलरीत बघ केवढी वेल चढलीय,” ते म्हणाले. “इतकी वर्षं इथून गेलो, पण मला फक्त रस्ता दिसला.”

आणि काकांना वाचा फुटली. धुक्यात दिवे कसे तरंगायचे, सकाळच्या रिकाम्या बसमध्ये ते एकटेच कसे गुणगुणायचे, सगळं सांगत सुटले. काकू श्वास रोखून ऐकत होत्या. मग बाहेर बघतच ते म्हणाले, “तू मागं बसलीस की आरशात दिसायचीस. पुढच्या वळणावर तुला हमखास डुलकी लागायची. डोकं आपटेल म्हणून मी तिथं बस हळू घ्यायचो.”

काकूंना वाटायचं, ते वळणच अवघड आहे.

दवाखान्याचा थांबा आला. दार उघडलं, माणसं उतरली, दार मिटलं. जन्मभर थांबे पाळणाऱ्या काकांच्या ते ध्यानातही आलं नाही. काकूंनी मात्र थांबा नीट पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत.