पाचवी होळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या दिराइतका कामं अर्धी टाकणारा माणूस अख्ख्या सातपुड्यात सापडायचा नाही. शाळा त्याने सोडली, तीही परीक्षेच्या मधल्या सुट्टीत. शहाद्याला शिंपीकाम शिकायला गेला आणि गिऱ्हाइकाच्या विजारीचा एकच पाय शिवून परत आला. गोष्ट सांगायला बसला की राक्षस मरायच्या आत स्वतःच घोरायला लागायचा. मी नववीतून शाळा सोडली तेव्हा त्यानेच मला सुरतेला साड्या रंगवायच्या मिलमध्ये चिकटवलं, पहिला पगार होईपर्यंत आपल्या डब्यातलं जेवू घातलं. ते मी विसरणार नाही. पण हा आज पाळीवर येतो की नाही, या धास्तीने मी रोज सकाळी मिलच्या दारात त्याची वाट बघत उभा राहायचो. विचारलं तर म्हणायचा, "साल्या, घाबरतोस कशाला? तू आहेस ना काम पुरं करायला."

आणि अशा माणसाने आमच्याकडच्या काठी गावच्या होळीला मानता घेतली होती, म्हणजे नवस बोलला होता. बहीण पहिल्या बाळंतपणात अडली, झोळीतून दवाखान्यात नेताना तिला शुद्ध नव्हती, तेव्हा हा बोलून बसला, वहिनी वाचली तर पाच होळ्या बावा होईन. ती वाचली. बावा होणाऱ्याने होळीआधी जमिनीवर झोपायचं, चपला घालायच्या नाहीत, आंघोळ करायची नाही, बाईच्या हातचं काही घ्यायचं नाही. मग अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचायचं. बाकीचे हा नेम गावी जाऊन धरतात. याने सुरतेतूनच धरला. मिलच्या दारातल्या चहावाल्या मावशीला म्हणाला, "कप खाली ठेवा, मी उचलतो." मावशी पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. आमचा मुकादम तापीकाठचा. तो नाक दाबून म्हणे, "काय करी ऱ्हायना रे तू? तुन्हा वास साड्यासले लागी जाई." यावर हा शांतपणे, "लागू द्या मुकादम, होळीची साडी म्हणून चढ्या भावाने खपेल."

चार होळ्या अशा झाल्या आणि त्या पावसाळ्यात बहीण काविळीने गेली. गावच्या पुजाऱ्यानेच सांगितलं, "जिच्यासाठी बोललास तीच राहिली नाही, तू मोकळा." मुकादमाने बजावलं, ऐन लग्नसराईत गेलास तर परत येऊ नको. सगळ्यांना वाटलं, सोडणं ते काय, याच्या अंगवळणीच पडलेलं. मलाही वाटलं. पण होळीचे दिवस जवळ आले तसा तो चपला खोलीतच ठेवून अनवाणी निघाला. मी म्हटलं, "दाजी, आता कोणासाठी?"

"शब्द होळीला दिला होता, तुझ्या बहिणीला नाही. ती मेली. होळी कुठे मेली?"

त्याची जागा गेलीच. माझीही जाईल म्हणून मी मागे राहिलो.

होळीनंतर आजूबाजूच्या जत्रा फिरून झाल्या की बावे नदीवर आंघोळ करतात आणि नेम सुटतो. त्या दुपारी मी फोन लावला.

"झाली आंघोळ?"

"बाकीच्यांची झाली."

"आणि तुझी?"

फोनमध्ये नदीचं पाणी खळखळत होतं.

"राख धुतली की मानता फिटली, साल्या. मग वहिनीसाठी करायचं काय राहतं?"

तिकडे मागून कोणीतरी त्याला हाका मारत होतं, इकडे पाळीचा भोंगा झाला. फोन त्यानेही ठेवला नाही, मीही.