पाचपर्यंतचं पाळणाघर

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं पाळणाघर होतं. कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी, सरकारी अनुदानावर चाललेलं. मला तिथली आठवते ती झोप. सुकडी खाऊन तोंड गोड झालेलं असायचं, बाई खिडक्या लोटून घ्यायच्या आणि कौलातल्या काचेतून उन्हाचा तुकडा सतरंजीवर उतरायचा. एकेका मुलाच्या अंगावरून तो सरकत यायचा. माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी झोपलेली असायची.

आई जवळच्या छापखान्यात बाइंडिंगला होती. वडील मंडईत हातगाडी ओढायचे. दोघांच्या कमाईवर घर चालायचं आणि ताई शाळेत जायची.

मग दिवाळीनंतर वरून हुकूम आला, पाळणाघर दुपारी एकलाच बंद करायचं. आईची सुट्टी व्हायची पाचला. काही दिवस तिनं कसंबसं निभावलं, शेवटी ताईला घरी बसवलं. "थोडे दिवस गं," ती म्हणाली. ताईनं दप्तर खुंटीला अडकवलं. शाळेच्या वेळी ती मला कडेवर घेऊन दारात उभी राहायची, मुली कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मला वाटायचं, ती मला रस्त्यावरची गंमत दाखवतेय.

शेजारच्या खाला आईबरोबरच बाइंडिंगला होत्या. त्यांचा धाकटाही पाळणाघरातला. एक दिवस त्या आईला म्हणाल्या, "मुलं कुठे ठेवायची, हे साहेबांना माहीत नसेल. आपण नेऊन दाखवू."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बायका आम्हाला घेऊन अनुदान देणाऱ्या सरकारी कचेरीत गेल्या. साहेब जेवायला गेले होते. आमची झोपेची वेळ झाली, तसे आम्ही तिथल्याच गार फरशीवर आडवे झालो. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, टाइपरायटरची टकटक लांब लांब जात होती. पुढचं मला आईनं सांगितलेलं.

कारकून खेकसला, "बाई, ही कचेरी आहे. पाळणाघर नव्हे!"

"तेच सांगायला आलोय," आई म्हणाली. "पाळणाघर बंद झालंय."

तेवढ्यात साहेब आले. ते काही बोलणार, तोच खाला म्हणाल्या, "जरा हळू बोला साहेब, पोरं झोपलीत."

साहेब खरंच हळू बोलले. कोण किती वाजता सुटतं, ते त्यांनी एकेकीला विचारलं. "वर कळवतो," म्हणाले. बायकांचा काही विश्वास बसला नाही. त्या पुन्हा गेल्या, त्याच वेळेला, आम्हाला घेऊन. मग आणखी एकदा. पावसाळ्याच्या तोंडाशी पाळणाघर पुन्हा संध्याकाळपर्यंत उघडं राहू लागलं.

ताईचं वर्ष गेलं होतं. शाळेतल्या बाईंनी तिला पुन्हा त्याच वर्गात बसवून घेतलं. ती पुढे शिकली, नर्स झाली. आता तिची मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे आणि ऑफिसातल्या पाळणाघराबद्दल तक्रारी करत असते. ताई त्या फार मन लावून ऐकते.

मला मात्र तेव्हाच्या संध्याकाळी आठवतात. शाळा सुटली की ताई मला न्यायला यायची. मी अर्धवट झोपेत तिच्या खांद्यावर. "आज भूगोल होता," ती सांगायची, आणि घर येईपर्यंत कुठल्या कुठल्या नद्यांची नावं माझ्या कानात म्हणत राहायची.