राहणार ना पोरगी?

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, दिग्रस डेपोले. अख्खी जिंदगी सीटा मोजण्यात गेली. म्हनून सीट म्हनली का मले वाटे, आपल्यापेक्षा जास्त कोनाले काय समजते! त्याच घमेंडीनं घात केला. सांगतो सारं, पन मधात बोलू नका. मधात बोललेलं मले खपत नाई.

अब्दुल गनी माह्या शेजारी राहते. जिनिंगमध्ये फिटर हाय. कापूस येनं सुरू झालं का चार महिने तो तिकडे, बाकी वर्षभर घरापुढच्या टपरीत फवारणीचे पंप अन् मोटारी दुरुस्त करते. पंप कानाजवळ धरला का सांगते, वायसर गेलं का नोझल चोंदलं. असा कारागीर सगळ्या तालुक्यात नाई. पन बोलाच्या नावानं बोंब! बँकेची खिडकी असो का तहसीलची, हा मानूस खिडकीपुढे उभा राह्यला का घामानं ओला. ग्रीस दिसू नये म्हनून हात पाठीमागे लपवते. मंग मी पुढे होतो. "तू गप राह्य गनीभाई, मी बोलतो." रेशन कार्डापासून पोरीच्या दाखल्यापर्यंत त्याच्यावतीनं मीच बोललो. माही बायको विमल म्हने, "तुमाले दुसऱ्याच्या तोंडानं बोलाची सवयच लागली." मी हसून सोडून देत होतो.

पोरीचं नाव फिजा. एकुलती एक. लहानपनी माह्या खांद्यावरची तिकिटांची बॅग घालून अंगनात फिरे अन् आईले, गुलनारभाभीले, तिकीट फाडून दे. बारावीनंतर डॉक्टरकीची नीट परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. दुसऱ्या वर्षी टपरीच्या मागच्या खोलीत बसून पुन्हा अभ्यास केला. समोर बाप ठोकाठोकी करून राह्यला अन् ही आत पुस्तकात. मी एकदा म्हनलं, "पोरी, माह्या घरी येऊन वाच, तिथं शांत हाय." तं म्हने, "नानाकाका, तुमी असल्यावर कुठलं शांत?" तोंडानं तिखट हाय पोट्टी. बापाच्या वाट्याचंही तीच बोलते.

तिले डॉक्टर व्हायचं होतं अन् गनीले ती यवतमाळले पाहिजे होती. बस, एवढंच. यवतमाळचं सरकारी मेडिकल, दारव्ह्यावरून दोन तास. "शनिवारी संध्याकाळी पोरगी घरी येईन, सोमवारी सकाळच्या गाडीनं जाईन," असं तो हिशोब लावून सांगे. गाडीचा टाइम मलेच विचारे, अन् मी रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी तोंडपाठ सांगत होतो. त्यानं दरवाज्यामागे एक खिळाही ठोकून ठेवला होता, पांढरा कोट टांगाले. गुलनारभाभी चिडली, "रिजल्ट तं लागू द्या आधी!" त्यानं खिळा काढला नाई.

नीटमध्ये मार्क चांगले आले. पन पह्यल्या यादीत यवतमाळची शेवटची सीट ज्याले भेटली, त्याच्या एकेचाळीस नंबर खाली आमची फिजा. एमबीबीएस नाई भेटलं, डेंटल भेटलं. तेही सात-आठ तासाच्या वाटेवर, पार दुसऱ्या टोकाले. शहराचं अन् कॉलेजाचं नाव घेत नाई. कोनाची बदनामी कायले करा, चूक आमची होती. आमची म्हनजे माही.

त्या संध्याकाळी गनीच्या वट्ट्यावर आमी बसलो. फिजानं समजावून सांगतलं का आता दुसरी यादी लागीन. पह्यल्या यादीतले काही जन दिल्लीच्या, दुसरीकडच्या सीटा घेतीन, जागा खाली होतीन, नंबर खाली सरकीन. मी म्हनलं, "सोपं हाय! बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकते का नाई लोकं सीटेवर? तसा डेंटलवर रुमाल टाकून ठेव. पुढची सीट मोकळी झाली का उठून जा. रुमाल टाकला म्हनजे काही त्याच सीटेवर मरेपर्यंत बसाव लागत नाई." फिजा हसली. "अगदी बरोब्बर, नानाकाका. असाच नियम हाय." मले लय बरं वाटलं. चार ठिकानी मी ही रुमालाची गोष्ट सांगतली, चहाच्या टपरीवर सांगतली, डेपोत जाऊन सांगतली.

अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या दिवशी आमी तिघं त्या डेंटल कॉलेजात गेलो. मी, गनी अन् फिजा. मी नसतो गेलो तं बरं झालं असतं. पन मी नाई तं खिडकीवर कोन बोलीन?

रांग लांब होती. आमचा नंबर येईतो साडेचार. पाच वाजता खिडकी बंद. साडेपाचले परतीची गाडी, अन् ती चुकली का सकाळशिवाय दुसरी नाई, हे माह्या डोक्यात घुमून राह्यलं होतं. इतक्यात आतून सांगतलं का जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स दोन कमी हाय. गनी पळत बाहेर गेला झेरॉक्स काढाले. खिडकीवर राह्यलो मी अन् फिजा. आतल्या बाईनं कागदांचा गठ्ठा सरकवला. रॅगिंग करनार नाई याचा कागद, होस्टेलचा कागद, अजून काय काय. जिथं फुली तिथं सही. फिजा सह्या करून राह्यली होती. तेवढ्यात त्या बाईनं मान वर न करता विचारलं, "राहणार ना मुलगी?"

फिजानं तोंड उघडलं होतं. देवाशपथ, तिनं तोंड उघडलं होतं. पन माह्यापेक्षा आधी कोनी बोलते का! मी म्हनलं, "राहीन म्हनजे? राहीनच! दिग्रसहून काय रोज अप-डाऊन करते का ती?"

मागची सारी रांग हसली. ती बाईबी हसली. मले वाटलं, काय बोललो आपन!

बाईनं अजून एक कागद काढला, त्यावर फुली मारली. फिजानं तो वाचाले घेतला. "रिटेन्शन? हे कायचं, नानाकाका?" ती बाई तोवर मागच्या कपाटाकडे वळली होती. मी म्हनलं, "ओरिजिनल कागदं ठेवून घेते ना ते, त्याचं असन. कर सही पोरी, गाडी निघून जाईन." तिनं एकदा माह्याकडे पाह्यलं, घड्याळाकडे पाह्यलं, अन् सही केली. गनी झेरॉक्स घेऊन धापा टाकत आला तं सारं झालं होतं. मी त्याले म्हनलं, "पाह्य, दहा मिनटात काम खतम."

गाडी भेटली आमाले. मस्त बसाले जागाही भेटली.

त्यानंतर तीन आठवडे वाट पाह्यली. कॉलेज सुरू व्हायचं होतं, म्हनून फिजा घरीच. दिवसातून पन्नास वेळा मोबाइल पाहे. जेवनावर लक्ष नाई, आईवर खेकसे. मंग सोताच रडे अन् सोताच जाऊन बापाच्या टपरीत पंप पुसत बसे. गनीचं तं विचारूच नका. एका कास्तकाराचा पंप त्यानं तीनदा खोलला, तीनदा बसवला, अन् शेवटी विचारते, "नानाजी, याचं काय बिघडलं होतं हो?" रस्त्यानं जो भेटे तो विचारे, "काय गनीभाई, वेटिंग कुठवर आली?" तो नुसता आकाशाकडे बोट दाखवे. मी मात्र सांगे, "रुमाल टाकला हाय ना बावा, घाई कायची!"

दुसरी यादी शनिवारी दुपारी लागली. फिजा वट्ट्यावर मोबाइल घेऊन, आमी सारे भोवती. तिनं यवतमाळचा शेवटचा नंबर वाचला. तिच्या नंबरापेक्षा तेवीस खाली गेला होता.

"म्हनजे भेटली!" गनी ओरडला. त्याले मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "गुलनार, अवो, भेटली पोरीले!"

फिजा मोबाइलवर बोटानं वर-खाली, वर-खाली करून राह्यली होती. यवतमाळच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मंग तिनं अजून एक कागद उघडला अन् तिथं तिचं नाव निंगालं. नावापुढे तोच शब्द. रिटेन्शन. तिनं तो दोनदा वाचला अन् हळूच मान वर करून माह्याकडे पाह्यलं. फक्त माह्याकडे. तवा मले समजलं का ती बाई होस्टेलचं विचारत नव्हती. याच सीटेवर राहणार का, पुढच्या यादीत जायचं नाई ना, हे विचारत होती. अन् मी म्हनलं होतं, राहीनच. रुमालाची गोष्ट गावभर सांगत फिरनारा मी, अन् मीच पोरीले त्या सीटेले बांधून आलो.

सोमवारी पुन्हा तिघं गेलो. अर्ज घेऊन गेलो, हात जोडले. तीच खिडकी, तीच बाई. वाईट नव्हती बिचारी. म्हने, "सही केली त्याच दिवशी वर कळवावं लागतं. आता माझ्या हातात काही नाही. मी विचारलं होतं ना तुम्हाला?" अन् तिनं तो कागद काचेवर लावून दाखवला.

गनीनं सही ओळखली. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखत होता तो. पोरीकडे वळला. "तू केली ही सही?"

मले बोलाचं होतं. खरं सांगतो, मले बोलाचंच होतं का गनीभाई, मी म्हनलं, मी करवली. एकतीस वर्षं भरलेल्या गाडीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाले ऐकू जाईन असा ओरडलो मी, अन् त्या दिवशी गळ्यातून वारं निंगालं नाई. भ्यालो मी, दुसरं काय!

फिजानं एक घडी माही वाट पाह्यली. मंग म्हने, "हाव अब्बा. मीच म्हनलं राहतो म्हनून. मले डेंटलच कराचं होतं."

"अन् यवतमाळ?"

"मले बाहेर राहाचं होतं, अब्बा."

गनी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. त्या दिवशी हात लपवले नाई त्यानं, गुडघ्यावर तसेच उघडे ठेवले. मंग म्हने, "मले आधी सांगतलं असतं तं मी नाई म्हनलो असतो का?"

आठ दिवसांनी कॉलेज सुरू झालं. तिले गाडीत बसवाले मी अन् गनी गेलो. गनी ट्रंक टाकाले टपावर चढला, तवा मी खिडकीपाशी गेलो अन् म्हनलं, "पोरी, मी आज सांगून टाकतो त्याले. मले झोप येत नाई."

"सांगू नका."

"अवो पन तो समजते का तुले घर नको झालं. बापाले काय वाटत असन?"

"वाटते, मले माईत हाय," ती म्हने. "माह्यावरचा राग जाईन अब्बाचा. मी पोरगी हावो. तुमच्यावर राग धरला तं ते बसतीन कोनाजवळ? तुमच्याशिवाय बोलते का कोनाशी अब्बा? त्याहीचा कोन हाय दुसरा?" मी डोळे पुसले तं तिले अजून राग आला. "रडू नका. मी काही तुमाले माफ नाई केलं, नानाकाका. मले डॉक्टर व्हायचं होतं. दोन वर्षं दुसरं काहीच केलं नाई मी. माफ होईन तवा सांगीन. पन सांगाचं नाई म्हनजे नाई."

गाडी हलली. तिनं बापाले हात केला, मले नाई.

आता गनी रोज दिवेलागणीले काम आटोपून माह्या वट्ट्यावर येते. हात धुतलेले, तरी नखात काळं. विमल चहा देते अन् माह्याकडे न पाहता आत जाते. तिले मी सांगतलं हाय सारं. पह्यलं मी बोले अन् गनी ऐके. आता उलटं झालं. त्याले एकच गोष्ट बोलाची असते अन् ती तो मलेच विचारते, काहून का अशा गोष्टीचं उत्तर त्याच्यावतीनं मीच देत आलो.

"नानाजी," तो म्हनते, "दोन तासावर तं होतं यवतमाळ. मी काही रोज ये म्हनत नव्हतो. शनिवारच्या शनिवार. मंग काहून राह्यली असन हो ती तिकडे?"

तोंडाशी आलेलं मी रोज गिळतो. चहा थंड होतो. तो थांबलेला असते, माह्या तोंडाकडे पाहत.

"तिले राहाचं होतं, गनीभाई," मी म्हनतो.