शेवाळबाईचा परका तुकडा

मुलांनो, आमची शेवाळबाई रस्त्याने सरळ चालायचीच नाही. ओलसर भिंत दिसली, की पर्समधून बोथट सुरी काढून हिरवा थर खरवडायची. नाहूरला एका सोसायटीचा वॉचमन ओरडला, "ओ मॅडम, भिंत कशाला उकरता?" ही म्हणाली, "भिंत नेत नाही रे, तिच्यावरची घाण नेते. थँक्यू म्हण!"

मुलुंडच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पुढे मी विभागप्रमुख झाले. ती शेवाळच वाढवत राहिली. प्रयोगशाळेतला एक नियम मी स्वतः फळ्यावर लिहिला होता: शेवाळाच्या नळीत बुरशी आली, की ती त्याच दिवशी ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारायची. नाहीतर शेजारच्या नळ्याही जातात.

नाहूरच्या त्या शेवाळाच्या एका जनुकात तिला परका तुकडा सापडला. बुरशीच्या जनुकांत असतो, अगदी तसा. "असे तुकडे एका जीवातून दुसऱ्यात उडी मारतात गं," ती म्हणाली. "हा कधीतरी बुरशीतून इकडे आलाय." तिने एका विज्ञान नियतकालिकाला लेख पाठवला. उत्तर आलं: नमुन्यातच बुरशी मिसळली असेल, एका पेशीपासून शुद्ध शेवाळ वाढवा आणि पुन्हा दाखवा.

"डोंबलाचं मिसळलंय!" म्हणत ती कामाला लागली. दोन वर्षं गेली. शेवटी चारच नळ्या शुद्ध निघाल्या, बाकीच्या बुरशीने गेल्या. तो तुकडा खरंच बुरशीतून आलाय का, हे त्यांच्यात तपासायचं होतं, म्हणून तिने स्वतःच्या खुणेसाठी चिठ्ठी लावली: 'बुरशी?'

मे महिन्यात ती पोटाच्या दुखण्याने रजेवर होती आणि मी कपाट आवरायला घेतलं. त्या चार नळ्यांत स्वच्छ, हिरवंगार शेवाळ होतं. पण मी चिठ्ठी वाचली, नळी पाहिली नाही. चारही नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.

मी तिला त्याच दिवशी सांगितलं. तिने पर्समधली बोथट सुरी शोधून काढली. मग म्हणाली, "वाट लागली. पण नियमच आहे ना तुझा." तेच शेवाळ पुन्हा आणायला आम्ही रिक्षाने नाहूरला गेलो. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. भिंतीच्या जागी निळे पत्रे उभे होते.

तिने लेख मागे घेतला. "पुन्हा दाखवता येत नाही, ते मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

पोटाचं दुखणं कॅन्सरचं निघालं. घाटकोपरच्या हॉस्पिटलात मी माफी मागू लागले, तर तिने हात झटकला. "ते सोड यार. एवढंच सांग, मी चुकले होते का?"

"नाही गं," मी म्हणाले.

ती हसली. "पुरावा?"

तो मीच वाफेत मारला होता. चार दिवसांनी ती गेली.