पट्ट्याची तीन भोकं

बहारीनमधल्या मुहर्रकच्या गल्लीत एक म्हातारा जुनी घड्याळं विकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. विकण्याआधी तो गिऱ्हाइकाला घड्याळ पारखायला शिकवायचा. "डायल मत देखो, उसको रंग लगाते हैं. पीछे का ढक्कन खोलो."

बायको गावी वारली, तेव्हा तिचं घड्याळ मी परत येताना आणलं नि त्याला दाखवलं. महागाचं म्हणून मीच इथनं घेऊन तिला पाठवलेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "असली मफी. नकली है." मग पट्ट्यावरनं अंगठा फिरवत राहिला. बकलाचे वळ तीन भोकांवर होते, एकापेक्षा एक आत.

"पहननेवाली सूखती गई, बाबा. तुम किधर था?"

मी इकडं बहारीनला शिफ्टा करत होतो. तिच्या प्रत्येक पत्रात 'माझी तब्येत बरी आहे' असंच असायचं, आणि मी ते खरं धरून बसलो.