मागच्या सीटची उंची

बुद्धभूषण सोनकांबळेनं चाकणच्या कंपनीत एकवीस वर्षांत दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर एकदाही सही केली नव्हती. नवा इंजिनियर म्हणायचा, "काका, मी आत्ताच चेक केलंय." हा म्हणायचा, "तू केलंस ना? मग तुझी सही कर. माझी सही पाहिजे तर मापाचं गेज माझ्या हातात दे." ब्रेकच्या पार्टचा इन्स्पेक्टर होता. आपलं माप चुकलं तर कुणाची तरी गाडी थांबायची नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि असल्या माणसानं स्वतःची मोटरसायकल घेताना काय करावं? ट्रायलला दुसऱ्याला बसवलं! कप्पाळ!

बरं, गाडी घ्यायची ती कशासाठी, हेही काही गुपित नव्हतं. त्याची बायको अंजली चिंचवडला एका शिवणाच्या दुकानात कामाला. तिचे वडील दर वर्षी पोरांना म्हणायचे, यंदा अजिंठ्याची लेणी दाखवतो. म्हणता म्हणता म्हातारे गेले आणि लेणी राहिली. यंदा दिवाळीला कंपनी चार दिवस बंद असणार होती. दोघांनीच जायचं, मोटरसायकलवर, वाटेत मुक्काम करत, असं भूषणनं स्वतःहून कबूल केलं होतं.

"बसनं नको," अंजली म्हणाली होती. "बसमध्ये तुम्ही झोपता. गाडीवर बोलता."

खरंच होतं ते. भूषण गाडी चालवायचा पंचावन्नच्या स्पीडनं. चाळीस किलोमीटर झाले की चहा. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची, धरण दिसलं की थांबायचं, रस्ता पाठ असला तरी एखाद्या म्हाताऱ्याला विचारून खात्री करायची. मागून अंजलीचं चालू असायचं, ह्याचं हूं हूं. असं चालवणाऱ्या माणसाला गाडी कशी लागते? खाली बसकी, शांत, आणि मागची सीट पाटासारखी. एवढं तर कुणीही सांगेल. शिवाय मशीन मारून मारून अंजलीचा डावा गुडघा कामातून गेलेला, तो फार वाकत नव्हता. हेही घरात रोज दिसत होतं.

पण कंपनीत एक रीतच पडून गेली होती. कुणी गाडी घेणार असला की त्यानं एकटं जायचं नाही, जाणकाराला न्यायचं. जाणकार ट्रायल मारणार आणि घेणारा फुटपाथवर त्याची सॅक सांभाळत उभा राहणार. घरच्या बाईनं यायचं ते थेट डिलिव्हरीच्या दिवशी, हाराला आणि फोटोला. आणि जाणकार म्हणजे मेंटेनन्सचा सुजित. सहा फुटी गडी, कंपनीतल्या रायडर ग्रुपचा म्होरक्या. शंभराच्या खाली गाडी चालली की आपल्याला जांभया येतात, हे तो स्वतःच सांगायचा.

दर गुरुवारी कंपनीची सुट्टी, आणि दर गुरुवारी सुजित भूषणला कुठल्या ना कुठल्या शोरूमला न्यायचा. बसकी क्रूझर दिसली की नाक मुरडायचा. "भूषणराव, ही काय गाडी आहे का? आरामखुर्ची आहे. घाटात काय करणार?" भूषण कधी घाटात घाई करतो, असं त्याला कुणी विचारलं नाही. भूषणनंही सांगितलं नाही. सुजित आपला एक उंच, टोकदार, जंगलात जायची गाडी घेऊन वीस मिनिटं गायब व्हायचा आणि परत आला की बोटं चाटल्यासारखा चेहरा करायचा. "एक नंबर, भावा! हीच."

चौथ्या गुरुवारी एका शोरूममधल्या श्रद्धा नावाच्या मुलीनं सरळ विचारलं, "सर, मागे कोण बसणार आहे?"

"मागं सामान," सुजित म्हणाला. "टूरिंग आहे ताई, भाजी आणायची नाही."

आता इथं बोलायचं की नाही? भूषणनं तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोला विचारून गाडी घेतो, हे एकदा कँटीनमध्ये गेलं असतं तर वर्षभर पुरलं असतं लोकांना, ह्याची लाज वाटली त्याला. ब्रेकच्या पार्टसाठी मॅनेजरशी भांडणारा माणूस, इथं मूग गिळून बसला. एकदा तो स्वतः त्या गाडीवर चढला, तर दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकले. "सवय होते," सुजित म्हणाला. आणि ह्यानं सही केली. जुनी शंभर सीसीची गाडीही त्याच झटक्यात एक्स्चेंजला गेली.

डिलिव्हरीच्या दिवशी अंजली जीन्स घालून आली. वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं साडीवर एका बाजूला बसली होती, पण अजिंठ्यापर्यंत तसं कसं जमणार, म्हणून तिनं स्वतःच ती घेऊन कंबरेत बेतून बसवली होती. शोरूमवाल्यांनी घंटा वाजवली, टाळ्या झाल्या, पुठ्ठ्याची हातभर किल्ली दोघांच्या हातात दिली. सुजितनं मोबाइल वर धरला. "वहिनी, बसा मागं! ग्रुपवर टाकतो."

तिनं डावा पाय मागच्या फूटरेस्टवर ठेवला. तो होता कुठल्या कुठं वर. जोर दिल्याबरोबर गुडघ्यातून कळ आली आणि पाय खाली आला. ती हसली. "थांबा हां." दुसऱ्यांदा तेच. "उडी मारा वहिनी!" सुजित ओरडला. तिसऱ्यांदा भूषणचा खांदा धरून ती अर्धी वर गेली आणि ते धूड एका अंगावर कललं. भूषणचे पाय पुरेनात. दोन पोरं धावत आली म्हणून बरं, नाहीतर गाडीसकट दोघं फरशीवर! आजूबाजूचे हसले. वाईट हेतूनं नाही हो, पण हसले.

अंजलीनं कुर्ता खाली ओढला. "फोटो उभ्यानंच काढू," ती म्हणाली. फोटो झाल्यावर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी रिक्षानं येते."

त्यानंतर आठ दिवस घरात जेवायला या, पाणी आलंय, एवढंच बोलणं. भूषण रोज त्या गाडीवर भोसरी, मोशी करत कामावर जायचा. कंटेनरच्या गर्दीत दर दोन मिनिटांनी पाय टेकवायचा म्हटलं की जिवाचं पाणी व्हायचं. आणि पूर्वी तो जिला दुकानापाशी सोडायचा ती तसला गुडघा घेऊन आता बसच्या पायऱ्या चढत होती. त्याचं डोकं फिरायचं, आणि फिरवायचं कुणावर तेही कळायचं नाही. सुजितला बोलला तर सुजित म्हणतो, "एक छोटं स्टूल ठेवा ना बॅगेत! गाडीत काय खोट आहे का? रायडिंग स्टाइल बदला, भूषणराव."

"पन्नाशीला आलो मी! स्टाइल कसली बदलू? आणि तिचा गुडघा बदलू का?" भूषण भर कँटीनमध्ये ओरडला. पण हे त्या गुरुवारी ओरडायला हवं होतं.

शेवटी रविवारी तो अंजलीला म्हणाला, "ही काढून टाकतो. दुसरी बघू. तू चल बरोबर."

"मी येणार नाही," ती म्हणाली. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "आधी एकदा नेलं असतंत तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं, हे जमायचं नाही म्हणून. तेव्हा बघायलाही कुणी नसतं. तुम्ही मला फोटोला बोलावलंत. सगळ्यांसमोर तीनदा पाय उचलला मी. आता परत त्या दारात उभी राहणार नाही. अजिंठाही नको."

अजिंठा नको, हे शब्द भूषणला फार लागले.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच त्याच शोरूमला गेला. सुजितचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. बाकावर बसून त्यानं पँट वर केली, डाव्या गुडघ्याला मागून एक लाकडी पट्टी लावली आणि वरून क्रेप बँडेज घट्ट आवळलं. घरी त्यानं जिन्यावर नीट बघून घेतलं होतं, अंजलीचा पाय कितपत वाकतो ते. तेवढाच ह्याचा वाकत होता, जास्त नाही.

"सर, लागलं का?" श्रद्धानं विचारलं.

"नाही. गेज आहे," भूषण म्हणाला. "गाड्या दाखव. पुढची सीट नको, मला मागं बसायचंय."

पहिल्या गाडीवर पाय गेलाच नाही. दुसरीवर गेला, पण उतरता येईना, दोघांनी काखेत धरून उतरवला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "काका, नेम चुकतोय!" हशा झाला. भूषणची कानशिलं तापली. पळून जावंसं वाटलं, आणि ती त्या दिवशी पळाली नव्हती, फोटोला हसत उभी राहिली होती, हे आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसून तो म्हणाला, "पुढची."

सातवी गाडी बसकी होती. सुजितची आरामखुर्ची. डावा पाय जमिनीवरच ठेवून उजवा पलीकडं टाकला आणि ढुंगण सीटवर टेकलं. तो उतरला, परत चढला, परत उतरला. पाच वेळा केलं, मग फोन लावला.

"अंजली, एक बसतेय. मी मागं बसून बघितलंय, गुडघा बांधून."

"गुडघा बांधून म्हणजे?"

त्यानं सांगितलं. मागं दुकानातल्या मशीनचा आवाज चालू होता.

"किती गाड्यांवर चढलात?"

"सात."

"लोक होते?"

"भरपूर. एकानं व्हिडिओ पण काढला."

मग मशीनचा आवाज थांबला.

"निघते," अंजली म्हणाली. "मी येईपर्यंत ती पट्टी सोडू नका. मला बघू दे."