लाइट हाऊसवरची सेकंड शिफ्ट

मी एकदा एका दुपारी एका लाइट हाऊसचा शिफ्ट इनचार्ज होतो. मला कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, आणि समुद्राशी माझा तोवरचा संबंध फक्त मिठापुरता होता. तरी होतो.

आम्ही भिलाईचे. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे शिवनाथ नदीचा पूर, आणि तोही आठवड्यात ओसरतो. माझी सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये, फर्नेसवर गेली. ज्यांनी प्लांट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिफ्ट संपली म्हणून माणूस घरी जात नाही. आपल्या जागी येणारा, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिला, त्यानं चार्ज घेतला, की मग जायचं. आणि तो आलाच नाही तर? तर तुम्हीच तिथं! भट्टी काही म्हणत नाही की, बरं बापा, आज माणूस नाही तर मी थंड बसते.

आता कुसुमचं सांगतो. कुसुम म्हणजे माझी बायको, माहेर गोंदिया. लग्नानंतर मी तिला विचारलं होतं, तुला काय पाहिजे? (नवीन लग्न होतं, माणूस विचारतो.) ती म्हणाली, "मले समुद्रात पाय बुडवायचे हाये. तुमच्या संग." मी म्हटलं, हातोहात! मग पुरीचं तिकीट काढलं. सेक्टर 2 मधल्या क्वार्टरसमोर ऑटो उभा, दारात बॅगा, डब्यात पुऱ्या. आणि मी फर्नेसवर! रिलीव्हरच्या साळ्याचं लगन निघालं होतं. गाडी दुर्ग स्टेशनवरून निघून गेली आणि कुसुमनं पोराला घेऊन व्हरांड्यात बसून पुऱ्या खाल्ल्या. मी घरी आलो तर ती एवढंच बोलली, "पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या." लग्न झालेल्या माणसाला समजेल, यापेक्षा शिव्या बऱ्या!

त्यानंतरही दोनदा असंच झालं. शेवटी ती म्हणाली, "अजी, तुमचं लगन माह्याशी झालं का रिलीव्हरशी?" मी विचार करून राहिलो होतो, तेवढ्यात ती उठून स्वयंपाकघरात गेली. विचार करायला नको होता.

मग मी रिटायर झालो, आम्ही नेहरू नगरला स्वतःच्या घरात आलो, आणि आमचा मुलगा प्रशांत यानं आम्हा दोघांना समुद्राकाठी, वायझॅगला पाठवलं. गाडी, ड्रायव्हर, हॉटेल, सगळं त्यानं मोबाइलवर केलं. मला वाटलं, सुटलो. आता कोणता रिलीव्हर आडवा येते!

रिलीव्हर नाही, ड्रायव्हर आला. त्याची गाडी नवी होती आणि तिच्या सीटवर अजून प्लास्टिक होतं. तो म्हणाला, "सार, बीच लास्ट में. रेती लगता सीट को." म्हणजे आधी सगळे कोरडे पॉइंट करायचे आणि ओला पॉइंट शेवटच्या दिवशी, तिथून थेट स्टेशन. मला हे एकदम पटलं. जॉबचा सीक्वेन्स बरोबर होता! कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

तर मग पार्क. बाप्पा, किती पार्क! एक टेकडीवर, एक टेकडीखाली, एक समुद्राच्या बाजूनं, एक त्या बाजूच्या बाजूनं. प्रत्येक पार्कात सिमेंटचा एक डायनासोर, गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं, आणि त्या अक्षरांत बसून फोटो काढणारे लोक. चढा, तिकीट, पाहा, उतरा. फर्नेसवर डबल ड्यूटी करूनही माझे गुडघे असे कधी बोलले नव्हते. आणि प्रत्येक ठिकाणाहून समुद्र दिसायचा! खाली, दूर, निळा. कुसुम कठड्याला धरून त्याच्याकडे पाहायची आणि म्हणायची, "हे असं दुकानाच्या काचेतून जिलेबी पायल्यासारखं झालं."

बोटॅनिकल गार्डनमध्ये तर आम्ही फक्त पाट्या पाहिल्या. प्रत्येक झाडाला पाटी होती, पाटीवर लॅटिन नाव. कुसुम एकेक पाटी ओलांडत म्हणे, "ही कन्हेर. हा करंज. हा तर आपल्या क्वार्टरमागं संडासाच्या टाकीजवळ होता, तुमी कापला." मी म्हटलं, "अवं, पण इथी त्याले तिकीट हाये!" ती म्हणाली, "तेच तर म्हणते मी."

असा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी लाइट हाऊस, त्याला लागूनच बीच, संध्याकाळी गाडी. कुसुमनं सकाळपासून हिरवी साडी नेसली होती, तिला पाण्यात फोटोत हिरवा उठून दिसतो असं सूनबाईनं सांगितलं होतं. चपलाही तिनं काढायला सोप्या अशाच घातल्या. म्हणाली, "हे लाइट हाऊस सोडलं तर नाही चालत का?" मी म्हटलं, "तिकीट प्रशांतनं आधीच काढून ठेवलं हाये." माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या वाक्यानं सुरू झाले आहेत.

लाइट हाऊसचा जिना गोल, अरुंद, वरच्या सज्जात एका वेळी थोडीच माणसं मावतात. म्हणून वर एक माणूस बसवलेला. अप्पाराव त्याचं नाव. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की वरच्यांनी उतरायचं, मग खालच्यांनी चढायचं. आम्ही धापा टाकत पोचलो तर बिचारा स्टुलावर पोट धरून बसलेला.

"क्या हुआ भाई?" मी विचारलं.

"रिलीवर नहीं आया सार," तो म्हणाला. "सुबह से अकेला. खाना भी नहीं खाया."

झालं! दुसरं काही बोलला असता तर मी नुसतं हळहळलो असतो. पण रिलीव्हर नाही आला? माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तोंडातून आपोआप निघालं, "तुम जाओ भाई, खाके आओ. मैं हूँ."

"तुमी हाये?" कुसुम म्हणाली. "तुमी कोण हाये?"

पण अप्पारावनं शिट्टी माझ्या गळ्यात घातलीसुद्धा! मला आजवर मिळालेल्या हारांपैकी एकही इतक्या घाईत पडला नव्हता. तो जिन्यावरून असा पळाला की मला विचारताच आलं नाही, किती वाजता येशील.

कुसुमनं कठड्यावरून खाली समुद्र पाहिला. मग म्हणाली, "अजी, चला आता. कोणी नाही मरत."

"अवं, पोस्ट सोडता येते का? चार्ज घेतला ना मी!"

"कायचा चार्ज? दिवसाचा दिवा तरी लागते का इथी? कोणतं जहाज बुडून राहिलं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. सूर्य डोक्यावर, दिवा बंद, समुद्रात एक बोट आणि तीही माझ्याकडे पाठ करून. पण सवय! स्टुलावरून बूड उठेना. शेवटी ती म्हणाली, "मी चालली समुद्राकडे. वाट पायते. तुमचा तो आला का या." आणि उतरायला लागली. खालून पुन्हा आवाज आला, "पण या बरं!"

आता घेतलीच आहे ड्यूटी तर नीट करावी, म्हणून मी लागलो. प्रत्येक बॅच वर आली की आधी सेफ्टीचं सांगायचो. "रेलिंग पकडो. मोबाइल जेब में. झुकना नहीं. इमर्जन्सी में यहीं से नीचे, क्योंकि दूसरा रास्ता नहीं है!" लोक ऐकायचे. एका नवऱ्यानं तर मला सलाम ठोकला. एका पोरीनं विचारलं, "अंकल, आप यहाँ के कौन हैं?" मी म्हटलं, "शिफ्ट इनचार्ज." म्हणताना छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वर आला साहू! भिलाईतल्या कॅम्प-1 वस्तीतला आमचा जुना किराणावाला, बायको-पोरांसह. जगात इतकी लाइट हाऊसं, आणि हा इथंच! मला शिट्टीसकट पाहून त्याचं तोंड उघडं पडलं.

"अरे राऊत साहब! रिटायरमेंट के बाद इधर ड्यूटी करत हव?"

"नहीं नहीं, मैं तो बस..."

"कोई बात नहीं साहब. मेहनत में कैसी शरम!" असं म्हणून त्यानं मोठ्या प्रेमानं माझा फोटो काढला आणि भिलाईत पाठवून दिला. कोणाकोणाला ते मला लगेच कळलं, कारण प्रशांतचा फोन आला.

"बाबा, तुमी नोकरी कावून धरली? यार, लोग पूछ रहे हैं मुझसे! आमी तुमाले जेवाले देत नाही का?"

"अरे, रिलीव्हर नाही आला..."

"कोणाचा?"

"अप्पारावचा."

"कोण अप्पाराव? आई कुठी हाये?"

आई! मी कठड्याकडे धावलो. खाली वाळूवर हिरवी साडी दिसली. लाट यायची, कुसुम मागे पळायची. लाट जायची, ती दोन पावलं पुढं यायची, मग वर माझ्याकडे पाहायची. पाय अजून कोरडे! ती खरंच थांबली होती. मी हात हलवला, तिनं हलवला. तिला वाटलं असावं मी निघालो, कारण ती खुशीत वळली, आणि पाठीमागून ही मोठी लाट! ओरडून ऐकू जाणार नव्हतं. मी शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली.

व्हायचं तेच झालं. वरची बॅच म्हणाली, टाइम झाला, आणि जिन्यात घुसली. खालची बॅच म्हणाली, आपला नंबर, आणि तीही घुसली. जिन्याच्या मध्यावर दोन्ही वरातींची भेट झाली! खालून हिंदी, वरून तेलुगू, मधून साहूची छत्तीसगढी, "ए दाई वो, चपक गेंव!" म्हणजे आई गं, चेंगरलो! साहूची बायको पुढं जाईना, मागं येईना. मी ओरडलो, "थांबा! एक भी आदमी हिलेगा नहीं!" मग यार्डात वॅगन शंटिंग करावी तसं खालच्यांना एकेक करून मागं काढलं. घशाला कोरड पडली, गुडघे संपले, आणि हे सगळं होईपर्यंत किती वेळ गेला देव जाणे.

घाम पुसून मी पुन्हा कठड्याशी आलो. वाळूवर हिरवी साडी नव्हती.

डावीकडे नाही, उजवीकडे नाही. अशी फजिती झाली की मी नंतर हसतो, पण तेव्हा हसू नव्हतं. मनात एकच, अरे देवा, मी हिला एकटीला पाठवलं. आणि मग मी ते केलं जे सबंध नोकरीत केलं नव्हतं. पोस्ट सोडली! गुडघ्यांना रामराम म्हटलं आणि जिना उतरलो.

दारात पोचलो तर समोरून कुसुम येऊन राहिली होती. गुडघ्यापर्यंत ओली, हातात भुट्टा, तोंडभर हसू. शेजारी अप्पाराव, तोही ओला, त्याच्याही हातात भुट्टा. मी काही बोलायच्या आत अप्पारावच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"सार!" तो किंचाळला. "ऊपर कौन है? पोस्ट छोड़ के आ गया?"

आणि शिट्टी माझ्या गळ्यातून ओढून तो वर पळाला. जन्मात एकदा पोस्ट सोडली, आणि तेवढ्यासाठी बोलणी खाल्ली!

"लय चांगले हाये ते भाऊ," कुसुम म्हणाली. "जेवून येऊनच राहिले होते. मले लाटेची भीती वाटून राहिली होती, तर म्हणे माँजी, हात पकडो. मी म्हटलं, आमचे हे येते. ते म्हणे, वो ड्यूटी पर है, नहीं आएगा. आपल्या ड्रायव्हरनं फोटोबी काढला."

"आता जाऊ ना आपण," मी बूट काढायला वाकलो.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडीची वेळ झाली होती. शिवाय कुसुमच्या पायांची रेती पाहून त्याचा चेहरा आधीच पडला होता.

रेल्वेत मी तिला म्हटलं, "कुसुम, माहं चुकलं. मले लय वाईट वाटून राहिलं." ती खिडकीशी पाय वर घेऊन बसली होती, बोटांमधली रेती झाडत नव्हती, नुसती पाहत होती. म्हणाली, "पाणी खारं रायते जी. खरंच." आणि झोपून गेली. मी दुर्ग येईपर्यंत जागा.

आता ड्रायव्हरनं काढलेला तो फोटो आमच्या नेहरू नगरच्या हॉलमध्ये लागला आहे. समोर समुद्रात हिरव्या साडीत कुसुम, तिचा हात धरून अप्पाराव, आणि मागं लाइट हाऊस. त्याच्या टोकाला एक ठिपका आहे. पाहुणे चहा घेता घेता उठून जवळ जातात आणि विचारतात, "वहिनी, साहेब दिसत नाही कुठं?" कुसुम ठिपक्यावर बोट ठेवते. "ते काय, वर. ड्यूटीवर."

"मग तुमच्या संग पाण्यात हे कोण उभे हाये?"

"हे? हे आमच्या ह्यांचे रिलीव्हर."